एका पाकिटाला पंचवीस

१९७३ साल. चिमणला सैन्यात भरती होऊन पाच आठवडे झाले होते आणि इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत त्याची आई, शिवणाच्या यंत्रावर कागद ठेवून, त्याला पत्र लिहीत होती.

"आज कोण लिहितंय? तू, की त्याची आत्या?" इस्त्रीवाल्या मावशींनी विचारलं.

"आज त्याचे बाबा."

"मग अक्षर जरा वाकडं काढ. नाहीतर पकडली जाशील."

दोघी हसल्या. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तीही धोबीखान्याकडे उघडायची. फाटक्या चादरी, डॉक्टरांचे डगले, बाळांची दुपटी असं सगळं तिथे येऊन पडे आणि शिवणबाई ते सांधून परत पाठवीत. इस्पितळात सगळे तिला शिवणबाईच म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथे होती. चिमणही एकोणीसचाच. त्याच्या जन्मानंतर तिसऱ्या महिन्यात ती कामाला लागली होती.

ज्यांना घरून पत्रं येत नाहीत ती पोरं शिक्षणाच्या काळात खचतात, असं तिला मावशींनीच सांगितलं होतं. मावशींचा भाऊ सैन्यात होता, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शिवणबाईने पहिल्याच आठवड्यापासून रोज एक पत्र टाकायला सुरुवात केली. कधी स्वतःच्या नावाने, कधी नवऱ्याच्या, कधी नणंदेच्या. नवऱ्याला लिहायचा कंटाळा, नणंदेला वेळ नाही, पण पोराला वाटायला हवं की सगळं घर आपल्या पाठीशी आहे.

चौथ्या आठवड्यात चिमणचं चार ओळींचं पत्र आलं होतं. 'आई, पत्रं कमी लिही. महिन्याला एक पुरे. इथे वाचायला वेळ नसतो.' तिथून निघणारं प्रत्येक पत्र आधी कचेरीत वाचतात, हे तिला ठाऊक होतं. तरी ते शब्द लागायचे ते लागलेच.

मावशी म्हणाल्या, "अगं, पोरं असंच म्हणतात. बाकीच्यांसमोर लाज वाटत असेल. तू दुप्पट लिही."

आणि तिने दुप्पट लिहिली.

चिमणचे बाबा एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. तरुणपणी दोनदा ते भरतीला गेले आणि दोन्ही वेळा छाती एक इंच कमी भरली. तो एक इंच त्यांनी वीस वर्षं मनात ठेवला होता. चिमणची छाती मोजली त्या दिवशी घरी येऊन ते जेवलेसुद्धा नाहीत, नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. आता फाटकातून आत शिरणारा प्रत्येक कामगार त्यांना सलाम ठोकायचा, आणि थट्टा आहे हे कळत असूनही ते तो घ्यायचे.

भरतीच्या कागदांबरोबर एक छापील फॉर्मही आला होता. मुलगा वीस वर्षांखालचा असेल तर पहिल्या आठ आठवड्यांत आईने किंवा वडिलांनी सही करून मागणी केल्यास त्याला सोडण्यात येईल. त्यानंतर नऊ वर्षं सुटका नाही. "हा कागद आपल्या कामाचा नाही," म्हणून त्यांनी तो ट्रंकेच्या तळाशी टाकला होता.

सहाव्या आठवड्यात भेटीचा दिवस होता. दोघं सकाळच्या गाडीने गेली. एका लांबलचक खोलीत बाकं मांडली होती आणि दर बाकावर एकेक घर बसलं होतं. चिमण आला. केस कापलेले, मान काळवंडलेली, आणि दोन्ही तळहातांना पट्ट्या.

"हे काय रे?"

"काही नाही. कवायत."

बाबा चहा आणायला उठले, तेवढ्यात शेजारच्या बाकावरून एक उंच मुलगा वाकला. त्याला तिथे सगळे लांब्या म्हणत.

"काकू, तुम्हीच का त्या पत्रवाल्या? नमस्कार बुवा तुम्हाला! तुमच्यामुळे ह्याचे दंड बघा कसे झालेत!"

"लांब्या, गप बस," चिमण म्हणाला.

"अरे, सांगू दे की! काकू, आमच्या कवायत मास्तरांचा नियम आहे. एका पाकिटाला पंचवीस जोर. आधी जोर, मग पत्र. मला हे आधीच कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून माझ्या आईला मी निघतानाच सांगून आलो होतो, मेलो तरी लिहू नकोस."

शिवणबाई मनात मोजू लागली. पन्नासच्या वर पाकिटं झाली होती. कुठल्या दिवशी दोन टाकली, कुठल्या दिवशी तीन, ते सगळं तिला एकदम आठवायला लागलं. नणंदेच्या नावाने लिहिलेलं ते मांजराचं पत्र, नुसतं हसवायला लिहिलेलं. त्याचेही पंचवीस.

"मला का नाही कळवलंस?"

"कसं कळवू? कचेरीत वाचतात." मग त्याने मान खाली घातली आणि इतक्या हळू बोलला की तिला पुढे झुकावं लागलं. "आई, जोरांचं काही नाही गं. मला हे जमत नाहीये. रात्रंदिवस नुसतं ओरडणं. तो फॉर्म आहे ना घरी? तू सही कर. बाबांना सांगू नकोस."

तेवढ्यात बाबा चहाचे तीन पेले सांभाळत आले. चेहरा उजळलेला. "अगं, तिथे तुझ्या पोराचे मास्तर भेटले. मला साहेब म्हणाले. साहेब!"

घरी आल्यावर तिने बोलून पाहिलं. "चिमणला जड जातंय, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"जड जाणारच. हलकं असतं तर मला नसतं का घेतलं?" ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसले.

तिने ट्रंकेतून फॉर्म काढला आणि कामावर नेला. त्यात तीन रकाने होते. मुलाचं नाव, नातं आणि कारण. पहिले दोन भरले. तिसऱ्यापाशी लेखणी अडली. 'मुलाची इच्छा नाही' लिहावं, तर ते चारचौघांत वाचतील आणि त्याची शोभा होईल. 'घरची अडचण' लिहावं, तर फाटकावरच्या माणसाने उद्या कुठे तोंड दाखवायचं? सही करीन की नाही, एवढंही तिला चिमणला कळवता येत नव्हतं. कळवायचं म्हणजे पाकीट, आणि पाकीट म्हणजे पंचवीस. आता एकही पत्र टाकायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

आठवा आठवडा शनिवारी संपत होता. टपालाला तीन दिवस लागत. बुधवारी दुपारी तिने कारणाच्या रकान्यात 'आईची विनंती' एवढंच लिहिलं, खाली सही केली आणि जेवणाच्या सुट्टीत टपालपेटीकडे निघाली. पेटी कारखान्याच्या फाटकाच्या पलीकडे होती. चिमणच्या बाबांनी तिला लांबूनच पाहिलं. जेवायला बाहेर आलेले वीसेक कामगार भिंतीच्या सावलीत बसले होते.

"उठा रे, उठा!" ते ओरडले. "जवानाची आई येतेय. सलाम करा!"

आणि माणसं खरंच उठली. कुणी हसत, कुणी तोंडातला घास तसाच ठेवून. तिचा नवरा सर्वांच्या पुढे, टाचा जुळवून, भरली नाही ती छाती काढून उभा.

ती थांबली. काहीतरी बोलली. बहुधा, "काय हे तुमचं." भोंगा झाला, माणसं आत गेली, आणि ती फॉर्म पिशवीत ठेवूनच परत फिरली. उद्या टाकू, असं ती वाटभर म्हणत होती. उद्या टाकून उपयोग नव्हता, हेही तिला कळत होतं. संध्याकाळपर्यंत तिने अकरा चादरी सांधल्या. मावशींनी दोनदा विचारलं, बरं नाही का गं म्हणून. शनिवारही तसाच गेला.

शिक्षण संपल्यावरच्या संचलनाला दोघं गेली. चिमण बाबांच्या गळ्यात पडला. आईला म्हणाला, "कशी आहेस?" आवाजात राग नव्हता. पाहुण्यांना विचारावं तसं विचारलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर, लांब्याच्या आईने सातव्याच आठवड्यात सही केली होती. त्याने सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं, चार मुलं वाढवली, आणि रस्त्यात भेटला की काकू, काकू म्हणून हाक मारायचा. मावशी भावाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. चिमणचे बाबा अठ्ठ्याऐंशी साली गेले. शेवटच्या आजारात गणवेशातला मुलगा उशाशी बसलेला बघून त्यांनी डॉक्टरांना दोनदा सांगितलं, हा माझा मुलगा.

चिमण नऊ वर्षांनंतरही परत आला नाही. बावीस वर्षं राहिला, हुद्दा वाढत गेला, लग्न झालं, आणि निवृत्त होऊन बायकोला घेऊन आईजवळ राहायला आला. तिचं औषध, तिचा दवाखाना, सगळं वेळच्या वेळी. त्याने तिला कधी दुखावलं नाही. कधी कशासाठी हट्टही धरला नाही.

ती ऐंशी वर्षांची असताना एकदा दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडून येत होती. बाहेरच्या पायऱ्यांवर ती दम खायला थांबली आणि तिने विचारलं, "तेव्हा तू वाट बघितलीस का रे?"

कधी, असं त्याने विचारलं नाही.

"बघितली," तो म्हणाला. "शनिवारी टपाल वाटून होईपर्यंत."

तिला पुढे काहीतरी सांगायचं होतं. त्याने तिचा दंड धरला. "सावकाश. अजून चार पायऱ्या आहेत."

रस्त्यावर आल्यावर तो तिच्या बाजूने चालू लागला. पाठ ताठ, नजर समोर. ती एक पाऊल टाकी, तो एक टाकी. मग ती दुसरं टाकेपर्यंत तो तसाच उभा राही.