दुमडलेलं टोक

“ही बाटली कोणाची?” सिस्टरने विचारलं, आणि आपला आवाज चढलाय हे तिचं तिलाच कळलं.

खिडकीबाहेर लंबू गडबडला. वापरलेल्या सुया आणून द्यायच्या आणि बंद पाकिटातल्या नव्या घेऊन जायच्या, एवढंच इथलं काम. नाव कोणी विचारत नाही, उपदेशाचे डोस पाजत नाही. म्हणून तर नशेची इंजेक्शनं घेणारी माणसं इथवर येतात, आणि एकाची सुई दुसऱ्याने टोचून घेतल्यामुळे लागणारे आजार थोडे तरी टळतात.

“दोस्ताची आहे,” लंबू म्हणाला. “नेहमी त्याच्या सुया मी माझ्याच डब्यात घालून आणतो. आज त्याने बाटलीच भरून दिली. म्हणाला, वाटेत कोणाला टोचायला नको.”

पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली. पण तोंडाशी वायरमन वापरतात ती काळी टेप घट्ट गुंडाळलेली, आणि टेपचं टोक आत दुमडलेलं. सिस्टरने बाटली जवळ ओढली. तिचे वडील वायरमन होते. टेप लावली की शेवटचं टोक दुमडायचे. उद्या जो कोणी ही सोडवायला बसेल, त्याने नखं कशाला मोडून घ्यायची, म्हणायचे. ही सवय त्यांनी एकालाच लावली होती, हाताखाली शिकणाऱ्या धाकट्याला. सिस्टरच्या भावाला.

म्हणजे तो होता. याच गावात होता, जिवंत होता. तिला वाटलं, खिडकीतून उडी मारावी आणि लंबूला मिठी मारावी. हातातला चिमटा तिने दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला.

आता काय म्हणावं या बाईला. नशेपायी घर सोडून गेलेला भाऊ इथे सुया न्यायला येतो असं कानावर आलं, तशी मोठ्या दवाखान्यातली बरी चाललेली नोकरी सोडून ती या खिडकीत येऊन बसली, ती याच्यासाठी. आज ना उद्या सुया न्यायला येईल, निदान दिसेल तरी. आणि झालं भलतंच. ती बसायला लागली तसा तो यायचाच बंद झाला. आपणच त्याची वाट अडवून बसलोय, हे तिला पुढे कधीतरी उमगलं, तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

“तो स्वतः का नाही येत?” तिने आवाज जमेल तितका साधा ठेवला.

“लाजतो. खिडकीत कोणीतरी ओळखीचं बसतं म्हणे.” लंबूने मान खाजवली. “आणि सिस्टर, मी उद्यापासून नाही. नशा सोडवायला भरती होतोय. त्याचं कसं होणार, कोणास ठाऊक. मिळेल ती सुई घेईल. मी यायचो नाही तेव्हा तेच करायचा.”

सिस्टरचं डोकं भराभर चालत होतं.

“त्याला सांग,” ती म्हणाली, “उद्या सिस्टर सुट्टीवर आहे. मास्तर बसणार आहेत.”

मास्तर एकेकाळी याच खिडकीचं गिऱ्हाईक. सगळं सुटल्यावर इथेच कामाला लागलेले. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले आणि सिस्टर फळीच्या आडोशामागे, कापसाच्या खोक्यांत. चपलासुद्धा तिने आत घेतल्या होत्या. कोणाचीही चाहूल लागली की डोकावायची.

“तुम्ही जरा स्वस्थ बसता का?” मास्तर कुजबुजले. “लग्नघरातल्यासारखी लगबग चाललीय तुमची.”

“माझा भाऊ येतोय, मास्तर.”

“म्हणूनच म्हणतो. दिसलात तर पुन्हा फिरकणार नाही.”

हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्याच्यासाठी पाकीट भरताना, नव्या सुया आणि पुसायचा कापूस ठेवून झाल्यावर तिने काळ्या टेपचं एक नवं रीळ त्यात सरकवलं होतं. टोक दुमडून. हाताला राहवलं नाही, दुसरं काय.

तो आला. बोलला तेव्हा तिने तोंडावर पदर धरला. आवाज खरखरीत झाला होता, पण त्याचाच.

“लंबूने पाठवलंय.”

“या. हे तुमचं पाकीट,” मास्तर म्हणाले. “रक्त तपासून घेता का? काही निघालंच तर औषधं आहेत, इथूनच मिळतात. जबरदस्ती नाही.”

“नको. घाईत आहे.”

पाकीट उघडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. रीळ सापडलं असणार. आपण हे काय करून बसलो? आता पाठ फिरवेल आणि जाईल, लंबूही नाही, उद्यापासून मिळेल ती सुई. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

बाहेर तो अजून उभाच होता. रिळाचं टोक अंगठ्याने चाचपत होता, हे मास्तरांनी तिला नंतर सांगितलं.

“रक्त कोण काढतं?” त्याने विचारलं.

“मी काढतो की.”

“तुम्हाला सापडायची नाही. माझ्या शिरा सगळ्या गेल्यात. आत आहे तिला बोलवा. तिला सापडेल.”

सिस्टर बाहेर आली. बाजूच्या दारातून तो आत येऊन स्टुलावर बसला होता. केवढा वाळला होता. तिने हात धुतले, हातमोजे चढवले, दंडाला पट्टा बांधला. कोपरापासून मनगटापर्यंत बोटांनी चाचपत गेली. सगळीकडे गाठी, वळ, जुने डाग. मनगटाच्या कडेला, अंगठ्याखाली, एक बारीकशी शीर अजून हाताला लागत होती.

“जेवलास का?” तिने विचारलं.

“हो. तू?”

“जेवेन आता.”

तिने नवं पाकीट त्याच्यासमोर फाडलं आणि सुई बाहेर काढली. इतकी वर्षं दिवसातून कितीदा तरी स्वतःलाच टोचून घेणाऱ्या त्या माणसाने ताईच्या हातातली सुई बघून मान भिंतीकडे फिरवली आणि शाळेत लस टोचायला यायचे तेव्हा मिटायचा तसे डोळे घट्ट मिटून घेतले.

“झालं हं,” ती म्हणाली. अजून टोचलंही नव्हतं.