अस्सलरावांची अर्धपोटी गाडी

जुन्या गाड्यांच्या क्लबात सगळे त्यांना अस्सलराव म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे. परीक्षक होते ना! गेल्या वर्षी सख्ख्या धाकट्या भावाची गाडी त्यांनी स्पर्धेतून बाद केली. का, तर दिव्याचा एक स्क्रू मूळचा नव्हता, नवा निघाला. तेव्हापासून भाऊ घरी फिरकला नाही. "नियम म्हणजे नियम," हे बायकोला ऐकवणं मात्र चालूच. नाकाने कांदे सोलावेत तर यांनीच.

आणि या गृहस्थाने काय करावं? स्वतःच्या गाडीचे पॉइंट, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे मूळ भाग, चढावर दगा द्यायला लागले, तेव्हा त्यांच्या जागी गुपचूप इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणून डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या टोपीखाली दडवलं. त्याला पूर्ण बारा व्होल्ट लागतात, हे डब्यावरच छापलेलं होतं. गाडीतली मूळ वायर मुद्दामच कमी वीज सोडणारी. जुन्या पॉइंटना तेवढीच सोसायची. म्हणजे स्विचपासून वेगळी वायर ओढणं आलं. पण ती बॉनेट उघडताच दिसली असती. मग काय, अस्सलरावांनी मूळ वायरच जोडून टाकली. घराभोवती एक चक्कर नीट झाली. चोरी पचली म्हणून गडी खूश.

यंदाच्या स्पर्धेत मंचासमोरून पहिली गाडी त्यांची, शेजारी बायको. रांगेत उभ्या उभ्या इंजिन तापलं, दिवे लावायचा हुकूम झाला, त्यांनी आधीच तुटपुंजी वीज ओढून घेतली, आणि अगदी मंचाच्या पुढ्यात गाडीने मान टाकली. किल्ली फिरवली की सुरू, सोडली की बंद. स्टार्टर फिरे तेवढा वेळच इग्निशनला थेट बॅटरीची वीज मिळत होती. अस्सलरावांना हे पक्कं ठाऊक होतं, पण सांगणार कोणत्या तोंडाने? टोपी उघडली की परीक्षकपद गेलंच. 

तेवढ्यात मागच्या गाडीतून धाकटा भाऊ उतरला. काही न विचारता त्याने बॉनेट उघडलं आणि बॅटरीपासून इग्निशनपर्यंत चिमटे असलेली एक लाल वायर लावली. "दादा, आता फिरव."

गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. काय प्रकार आहे ते धाकट्याने केव्हाच ओळखलं होतं. तरी मूग गिळून उभा राहिला. भाऊच तो शेवटी.

क्लबच्या अध्यक्षबाई मंचावरून खाली आल्या, वाकून पाहू लागल्या. "ही लाल वायर कसली?"

अहो, खरं सांगवत नव्हतं तर निदान गप्प बसायचं. पण अस्सलराव छाती काढून म्हणाले, "माझी नाही ती. माझ्या मूळ गाडीला यानेच आत्ता लावली. नोंद घ्या."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. थोडी जरी लाज असती तर त्या नजरेने माणूस जमिनीत गेला असता.

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "वायर माझीच आहे." त्याने दोन्ही चिमटे काढले आणि वायर गुंडाळून खिशात घातली. इंजिन बंद पडलं.

बायकोने दार उघडलं. "भावजी, थांबा. मी तुमच्या गाडीतून येते."

अस्सलराव किल्ली फिरवत राहिले. सुरू, बंद. सुरू, बंद. अध्यक्षबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मूळ गाडी मूळ वायरवर चालत नाही होय?" त्या म्हणाल्या. "ती टोपी काढा बघू."