बाईंच्या हातातली झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. बूड गंजलं आहे, कडी सैल झाली आहे, आणि खरं सांगायचं तर हल्ली भरून उचललं की नकोसं वाटतं.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला आणलं तेव्हा मी लखलखत होते. शाळेमागे नुसता राडारोडा होता. बाईंनी तो उपसून घेतला, वाफे केले, शेवंती लावली. पानामागची अळी दाखवली, पाल्याचं खत कसं होतं ते शिकवलं. पाहुणे बागेचं तोंडभर कौतुक करत.

पण मला मात्र बाई कुणाला हात लावू देत नसत. मुलं रांगेत उभी राहून नुसती बघत.

शिपाईकाका म्हणाले, "सुट्टीत मी घालतो की पाणी."

"नको, तुम्हाला अंदाज यायचा नाही. मीच येईन."

नळापासून वाफ्यापर्यंत बाईंच्या एकटीच्या खेपा. दर खेपेला त्या मला वाटेत दोनदा तरी खाली टेकवून दम घ्यायच्या.

परीक्षा संपत आल्या होत्या. मला खाली टेकवता टेकवता बाई मटकन बसल्या, त्या उठेचनात. डॉक्टरांनी घरी झोपवून ठेवलं. मी तिथेच आडवी पडून राहिले. रोपांनी माना टाकल्या. काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बघणार कोण या बागेकडे?" मोठ्या बाई म्हणाल्या. "फरशी घालू. गाड्या तरी लावता येतील."

हे ऐकून एका मुलीने आपल्या आईला ओढतच आणलं. आई समोरच्या दुकानात शिवणकाम करायची. येताना तिने शेजारणीही गोळा केल्या.

"आम्हाला हा उन्हाळा द्या," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "नाही जमलं तर खुशाल घाला फरशी."

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. एकीने घातलेल्या पाण्यावर दुसरीने पुन्हा घातलं. शेवंती कुजली. मी दहा जणांच्या हातून आपटले, चेपले. वादावादी झाली. शेवटी त्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनीच सगळ्यांना एकत्र बसवून पाळ्या ठरवल्या. शिपाईकाकांनी सकाळ घेतली. भाजीवाला उरलासुरला पाला खताच्या खड्ड्यात आणून टाकू लागला. काय लावायचं तेही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

शाळा उघडली, बाई परत आल्या. शेवंतीच्या जागी भेंडी डोलत होती.

"माझी शेवंती?" त्यांचा चेहराच उतरला.

"गेली, बाई. पाणी जास्त झालं आमच्याकडून," मुलगी म्हणाली.

बाईंनी सवयीने माझी कडी धरली.

"बाई, आज पाणी घालायची पाळी आमची आहे," मुलगी म्हणाली.

हात तसाच राहिला. आता रागावतात की काय, असं मला वाटलं. पण त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि बाकावर जाऊन बसल्या. मुली पाणी घालत होत्या. थोड्या वेळाने बघते तर बाईंना बसल्या बसल्या झोप लागली होती.

फरशीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची नाही. मोडीत टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्याही शाळेत कुणीतरी एकटंच सगळं ओढत असेल. ते माणूस मदत नको म्हणेल, तरी ऐकू नका. पुढे होऊन अर्धं काम मागून घ्या. तुमच्या हातून एखादं रोप मरेल. मरू द्या. दुसरं लावता येतं.