बरं आहे म्हणायची चोरी

मला हॉस्टेलवर लई बरं वाटतं. हे वाक्य आमच्या वस्तीवर मोठ्यानं म्हणायची सोय नाही. आमच्यात कुणी "कसं हाय?" विचारलं की "चाललंय रेटून" म्हणायचं. पाऊस झाला तरी "बघू, दाणा भरतोय का" म्हणायचं. मेंढीला जुळं झालं तरी आधी ती किती अशक्त झालीय तेच सांगायचं. बरं चाललंय म्हटलं की दृष्ट लागते, असं आई म्हणते. आणि आईचं म्हणणं वस्तीवर कुणी खोडत नाही, माझे वडील, आप्पा, तर नाहीच नाही.

मी विजयमाला. नाव पणजीचं आणि चेष्टा माझी, म्हणून हॉस्टेलवर नुसती विजू. सांगोल्याच्या पुढं माळावर आमची वस्ती आहे, थोडी जिरायत आणि मेंढरं. मी सोलापुरात नर्सिंग शिकते. निघताना माझी चुलती बजाबाई दारात उभी राहून म्हणाली होती, "जा बाय, मजा मार शहरात. हितं आई हाय की राबायला." हे ऐकून आईचं तोंड एवढंसं झालं. मला तेव्हाच बजाबाईचा झिंज्या धरून समाचार घ्यावासा वाटला होता, पण गाडी आली.

तर पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आम्हाला पलंग लावायला शिकवत होते. पेशंट पलंगावर असताना चादर कशी बदलायची, हे. पेशंट झाली होती लावण्या गड्डम. ही सोलापूरचीच, घरी तेलुगू बोलतात, वडील टॉवेलच्या कारखान्यात. मी चादर अशी काही कचकचून खोचली की लावण्या आत गुंडाळली गेली, नुसतं डोकं बाहेर. मॅडमनी येऊन विचारलं, "काय आजी, बरं वाटतंय का?" तर ती म्हणाली, "अय्यो मॅडम, आजी गेल्या. बांधूनच ठेवलंय." आम्ही फुटलो. नेमका तेव्हाच आईचा फोन. मी ओढणी तोंडात कोंबून बाहेर पळाले, तरी श्वास काही सरळ होईना.

"रडतीस व्हय गं?" आई म्हणाली.

आता बघा, "न्हाय आई, हसतीया" एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती उभी राहिली. दिवसभर मेंढरांमागं उन्हात फिरून आलेली, अजून चूल पेटवायची राहिलेली. तिला काय सांगू, की मी इथं पंख्याखाली दात काढतेय? मी म्हणाले, "न्हाय गं. जरा जड जातंय, एवढंच."

झालं. दुसऱ्या दिवशी आईनं फोन स्पीकरवर टाकला. बजाबाईला मुद्दाम बोलावून घेतलं असणार. "सांग की गं विजे, काय काय करावं लागतं तुला." मग मी सांगत गेले. संडासाची भांडी द्यावी लागतात पेशंटना, घाण काढावी लागते, जखमा धुवाव्या लागतात, पाय मोडून येतात. पलीकडं बजाबाई "आगं बया, आगं बया" करत होती आणि आईचा आवाज कसा ताठ झाला होता. "माजी पोर रगतात हात घालती," ती म्हणाली. तोंडं बंद झाली वस्तीची. त्या दिवसापासून माझे हाल ही आईची इज्जत झाली आणि मी रोज संध्याकाळी ती भरून द्यायला लागले.

यातलं सगळं खोटं नव्हतं. घाण काढतेच मी. फक्त मला ते आवडतं हे मी गाळत होते. साखरेच्या आजारानं पाय सडलेले एक आजोबा होते आमच्या वॉर्डात, बिरप्पा नावाचे, अक्कलकोटकडचे. अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायचे. त्यांचं ड्रेसिंग मी करायचे. एक दिवस जखमेत खाली लालचुटूक मांस दिसलं, म्हणजे भरून यायला लागलं होतं. मी हातमोजे काढून वॉर्डभर धावत जाऊन लावण्याला ओढत आणली, "ये, बघ, बघ!" सिस्टरनी दोघींना झापलं. आजोबा हसत होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही ते आनंदानं. आईला मात्र मी एवढंच सांगितलं, "आज जेवणच न्हाय गेलं."

आणि संक्रांतीला तर हद्द केली मी. सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते. आम्हाला सुट्टी होती. मोठ्या पाळण्यात बसलो, बांगड्या भरल्या, लावण्या पाळण्यात तेलुगूतून देवाचा धावा करत होती त्याचा व्हिडिओ काढला. भज्यांच्या गाड्यावर उभ्या होतो तेव्हा आईचा फोन आला.

"कसला गं एवढा गलका?"

"वॉर्डात लई गर्दी हाय आई. सणाची सुट्टी बी न्हाय दिली. अजून जेवायला बी मिळालं न्हाय."

तोंडात भजं होतं माझ्या. फोन ठेवल्यावर लावण्यानं टाळ्या वाजवल्या. "विजू, तू नर्स कशाला होतीस, नाटकात जा!" सगळ्या हसल्या, मीही हसले. लाज वाटली नाही असं नाही, पण भजी गरम होती आणि मी ती खाल्ली.

आता पायलचं सांगते. माझी धाकटी बहीण. तिला लहानपणापासून दुसरं काही सुचतच नाही. कोकराचा पाय मुरगळला की ही काटकी लावून चिंधी बांधणार, शेळी व्याली की रात्रभर तिथंच बसणार. बारावी झाली की नर्सिंगलाच जायचं, हे तिनं माझ्याही आधी ठरवलं होतं. ती आली की काय काय दाखवायचं हे मी मनात योजून ठेवलं होतं. लावण्यालाही सांगून ठेवलं होतं की माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार आहे, जपून राहा.

बारावीचा निकाल लागला, पायल चांगल्या मार्कांनी पास झाली. फॉर्म सुटले. मी आईला म्हणाले, "पायलला कागदं घिऊन लावून दे. मी भरते फॉर्म."

"कशाचा फॉर्म?" आई म्हणाली. "पायलचं जमवलं बघ. कुर्डुवाडीचा पोरगा हाय, रेल्वेत कामाला. रविवारी सुपारी फोडायची."

मला आधी कळलंच नाही. "आणि नर्सिंग?"

"आता बास झालं. रोज तुजं हाल ऐकून माजं काळीज पिचून गेलं गं. एक लेक घातली त्या घाणीत. दुसरी न्हाय घालायची."

मी हॉस्टेलच्या जिन्यात खाली बसले. "आई, तसं न्हाय. ऐक तरी. मला हितं लई ब्येस वाटतं. खरंच."

"बहिणीसाटनं बोलतीस. माज्या पोटची हायस, मला कळंना व्हय?"

मागून बजाबाईचा आवाज आला, "गुणाची गं पोर." हीच बजाबाई मला गुणाची म्हणत होती! धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते मला त्या जिन्यात समजलं.

शनिवारी मी मॅडमच्या हातापाया पडून सुट्टी घेतली. एसटीनं सांगोला, तिथून वडापच्या जीपनं फाटा, मग पायी. वाटेत हजारदा जुळवलं काय बोलायचं ते. घरी पोचले तर पायल उंबऱ्यात बसून सुपारीच्या साडीला फॉल लावत होती. माझ्याकडं बघून हसली, पण उठली नाही.

"पायले, आईनं जबरदस्ती केली का?"

"न्हाय. मीच व्हय म्हटलं."

"तू?"

तिनं सुई साडीत टोचून ठेवली. "रोज ऐकतच हुते की मी तुजा फोन. मला भ्या वाटाय लागलं आक्का. तुज्यासारखं सोसायचं मला न्हाय जमायचं. मी तेवढी घट न्हाय."

"कसलं सोसणं? कप्पाळ माझं!" मी ओरडलेच. "मी काय सोसलंय? मी मजा मारलीय पायल, मजा! बजाबाई म्हणली हुती तशी!"

तिला वाटलं मी तिची समजूत काढतेय. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, आणि त्या हाताचा मला इतका राग आला, खरं तर स्वतःचा, की मी फोन काढला आणि तिच्यापुढं धरला. हॉस्टेलचा नाच. बिरप्पा आजोबा घरी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवतायत तो फोटो. वॉर्डात चोरून खाल्लेला वाढदिवसाचा केक. पायल बघत गेली. तिचा हात माझ्या हातावरून कधी निघाला ते मला कळलं नाही.

तेवढ्यात मेंढरं आली. आई डोक्यावरचा भारा टाकून आत आली, आप्पा मागं कोकरं कोंडत होते. "काय बघताय गं?" म्हणत आई आमच्यात बसली आणि तिनं फोन हातात घेतला. गड्ड्याचा पाळणा चालू होता. लावण्या किंचाळत होती. मी त्यात तोंड वर करून हसत होते, पार दाढा दिसेपर्यंत.

"ही तूच व्हय?" आई म्हणाली. मग म्हणाली, "कवाचं हाय हे?"

"संक्रांतीचं."

आईनं व्हिडिओ संपेपर्यंत पाहिला. तो संपून परत सुरू झाला, तोही पाहिला. "त्या दिशी शेंगाच्या पोळ्या केल्या हुत्या मी," ती म्हणाली. "तुला जेवाण मिळालं न्हाय म्हणलीस. मग कुणाच्या घशाखाली उतरंना. बजाबाईच्या पोरांस्नी दिल्या समद्या."

पायल माझ्याकडं बघत होती. मी मान खाली घातली. आईनं मला रागानं काही विचारलं असतं तर मी रडले असते, पाय धरले असते. तिचा आवाज मात्र अगदी साधा होता, मेंढरं किती आली विचारावं तसा.

"फोन ठिवल्यावर हसत हुता व्हय गं तुमी पोरी, माज्यावर?"

नाही म्हणायला काय लागत होतं मला? एवढं खोटं बोलले होते, त्यात आणखी एक. पण आईपुढं ते तोंडातून निघेना.

"एकदा," मी म्हणाले. "एकदाच हसलो आई."

आईनं पदरानं फोनची काच पुसली आणि फोन माझ्या हातात दिला. मग ती उठून चुलीपाशी गेली आणि पीठ मळायला बसली. तिनं शिव्या घातल्या असत्या, कालथा फेकून मारला असता, तरी मला चाललं असतं. तिनं माझ्यासाठी भाकरी केली आणि ताटात वाढली. ती भाकरी मी कशी गिळली ते माझं मला ठाऊक.

आप्पा सहसा मधे बोलत नाहीत. त्या दिवशी ते दारातूनच म्हणाले, "पायल, तुला काय करायचंय?"

पायलनं साडी बाजूला ठेवली. "मला फॉर्म भरायचाय आप्पा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि तू माज्याशी बोलू नगंस."

आप्पांनी कुर्डुवाडीला फोन लावला. पोरगी शिकायचं म्हणतेय, आमची चूक झाली, असं दोनतीनदा म्हणाले. चूक कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता आणि आप्पा उभे राहून ऐकून घेत होते. माझ्या वाटणीचं ते ऐकत होते, हे मला दिसत होतं.

पायल आता आमच्याच हॉस्टेलवर आहे, खालच्या मजल्यावर. माझ्याशी बोलायला लागली, किती दिवस धरून बसणार? लावण्याची तर ती माझ्यापेक्षा जास्त मैत्रीण झालीय. परवा तिनं पहिल्यांदा इंजेक्शन दिलं आणि जिन्यावरून उड्या मारत वर आली. तिचं सगळं छान चाललंय. ती आईला ते तसंच्या तसं सांगते. दृष्टबिष्ट काही लागलेली नाही.

आईचा फोन संध्याकाळी अजून येतो, पण पायलच्या फोनवर. माझा वाजत नाही. मी जेवणाच्या ताटावर बसलेली असते आणि पायल स्पीकर लावते, मुद्दाम लावते की सवयीनं, मी विचारलेलं नाही. आई पायलचं विचारून झालं की म्हणते, "आणि विजी? जेवली का? खरं सांग." पायल माझ्या ताटात बघते आणि सांगते.

काल मी ताट सरकवलं आणि फोन तिच्या हातातून घेतला.

"आई, मी विजू. बरी हाय मी. जेवले. लई बरी हाय."



"व्हय का," आई म्हणाली. "बरं. पायलकडं दे."