सावलीतल्या चपला

कृपाबाईंनी उकडलेल्या काळ्या मनुका मलमलच्या फडक्यात बांधल्या आणि पातेल्यावर धरून पिळायला सुरुवात केली. दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे झालेले असताना फोन वाजला. त्यांनी कोपरानंच स्पीकर चालू केला.

"मावशी, पप्पा नको म्हणतात." दौंडहून ब्लेसीचा आवाज.

"काय नको?"

"प्रभुभोजन. पाळकसाहेब बारा वाजता येणारेत ना आज. तर म्हणतात, येऊ दे, प्रार्थना करू दे, मी बाहेर बसतो."

"बाहेर? ते कशाला?"

"चपला बघायला."

कृपाबाईंना हसू आलं. पलीकडं ब्लेसी हसली नाही.

"मावशी, सोमवारी पुण्याला ऑपरेशन आहे. काल रात्री त्यांनी मला कागदावर लिहून दिलंय. काही कमीजास्त झालं तर मम्मीच्या शेजारी पुरू नका, आपल्या कबरस्थानातच नको. खाली सही केलीय." तिचा आवाज चिरकला. "आठ वर्षं झाली मम्मीला. शेजारची जागा मोकळी ठेवलीय आम्ही."

"रडू नकोस. मी नऊच्या गाडीनं येते."

फडकं पुन्हा एकदा घट्ट पिळून त्यांनी प्रभुभोजनाचा रस बाटलीत भरला. मन त्यांचं डगमगलं नाही. पहाटे उठून एक अध्याय वाचल्याशिवाय त्या पाण्याला तोंड लावत नसत. शुक्रवारचा उपास एकवीस वर्षांत मोडला नव्हता. प्रभुभोजनाच्या वेळी गीत सुरू झालं की डोळे मिटायचे आणि आमेनपर्यंत उघडायचे नाहीत, कोण घेतं कोण नाही हे बघायचं नाही, हाही त्यांचा एक नेम होता. शिरूरच्या मंडळीत दर महिन्याचं मेज बावीस वर्षं त्याच लावत आल्या होत्या. कोण आजारी, कोण माहेरी गेलंय, कोण पाळकांवर रुसलंय, हे धरून त्या प्याले भरत. एक प्याला कधी उरला नाही, एक कधी कमी पडला नाही. एवढ्या एका गोष्टीचा त्यांना थोडा अभिमान होता, आणि त्याबद्दल त्या रात्री क्षमाही मागत.

आजाऱ्यांच्या घरी न्यायची छोटी सागवानी पेटी त्यांनी कपाटातून काढली. आत प्याल्यांसाठी चार खाचा. ब्लेसीचे वडील, एबनेझरमामा, शाळेत सुतारकाम शिकवायचे, त्या काळात त्यांनीच ती केली होती. नेहमीप्रमाणे प्याले फडक्यानं पुसून त्यांनी पेटीत बसवले, वर घडी केलेला रुमाल दाबला आणि कडी लावली.

न्हावरा गेलं, चौफुला गेलं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मनाशी वचनं जुळवून ठेवली. मामांच्या डोक्यात काय भरलं असेल, हे ब्लेसीनं फोन ठेवता ठेवता सांगितलं होतं. आपल्या हातून क्षमा न होणारं पाप घडलंय, असं ते म्हणतात. भाबडी भीती. अशी भीती कशी घालवायची, हे कृपाबाईंना पाठ होतं.

मामांची खाट ओसरीवर टाकली होती. आयुष्यभर रंधा मारलेले खांदे आता बनियनमधून हाडासारखे वर आले होते, पण नजर तीच होती, फळी कुठं वाकलीय ते शोधणारी.

"सलाम, मामा."

"सलाम. वकीलपत्र घेऊन आलात व्हय?"

"आले. फी मोठी आहे माझी."

"मग बुडाली तुमची फी. केस हरलेली हाय." त्यांनी उशाची काठी उचलली. "चपला तितं नका काढू. ऊन येतं." काठीच्या टोकानं त्यांनी कृपाबाईंच्या चपला पायरीवरून ओढून पत्र्याच्या सावलीत घेतल्या, आणि एकीला दुसरीच्या शेजारी सरळ लावलं. "बारापत्तूर सावली हाय हितं. मग उचलाव्या लागत्याल."

हे त्यांचं शिरूरला होते तेव्हाही असंच असायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, उपदेश संपला की मामा उठायचे आणि बाहेर जायचे. कुत्र्यानं एकदा कुणाची तरी चप्पल पळवली होती, म्हणून ते राखण करतात, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. उपासना सुटली की बाहेर चैत्राचं ऊन आणि चपला मात्र कडुलिंबाखाली, जोडीजोडीनं, तोंडं रस्त्याकडं केलेल्या. लोक पाय सरकवायचे आणि चालू लागायचे.

ब्लेसीनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. पण दाराआडच थांबली, हे दोघांनाही कळलं.

कृपाबाईंनी सुरुवात केली. "मामा, तो अपराध ज्यानं केला असेल ना, त्याला त्याची फिकीरच नसते. ज्याला भीती वाटते, त्यानं तो केलेलाच नसतो."

"तीन पाळकांनी ह्येच सांगितलं. तिघंबी चहा पिऊन गेले." मामांनी कप पुढं सरकवला. "घ्या. आन् मला सांगा, चोराला पोलिसाची भीती वाटत न्हाई व्हय? मग तो काय चोर न्हाई?"

कृपाबाईंनी कप उचलला आणि परत खाली ठेवला.

"समदी पापं माफ व्हत्यात," मामा म्हणाले. "खून माफ, शिंदळकी माफ. पवित्र आत्म्याचं काम डोळ्यांनी बघायचं आन् त्याला सैतानाचं म्हणायचं, तेवढं एक न्हाई. असंच लिवलंय का न्हाई?"

"लिहिलंय. पण तुम्ही कधी..."

"तुम्ही व्हता की तितं. नकुशीच्या वक्ताला."

नाव ऐकून कृपाबाईंना आधी काही आठवलं नाही. मग आठवलं. राहूची नकुशी. उसाच्या रानात खुरपायला जायची, नवीनच बाप्तिस्मा घेतलेली, अक्षराची ओळख नाही. प्रार्थना करायची ती शेजारणीशी बोलावं तशी, मोठ्यानं, हात ओवाळत.

"ब्लेसीची आई, ग्रेस, तीन महिने अंथरुणाला व्हती," मामा सांगू लागले. "पाळक झाले, डाक्टर झाले. नकुशी रोज यष्टीनं आठ कोस येऊन तिच्या उशाशी बसायची. अकराव्या दिवशी ग्रेस उठली. चुलीम्होरं बसली आन् मला भाकरी वाढली. मी ती खाल्ली. मला कळलं व्हतं, बाई. कुणी केलं ते पक्कं कळलं व्हतं. पण आमचं तीन पिढ्यांचं घराणं. माझ्या आज्यानं मंडळीचे बाक केले. आन् देवानं ऐकावं कुणाचं, तर हिचं? रविवारी लोकांनी तिला साक्ष द्याया उभं केलं, तवा मी उठलो. म्हणलं, हिच्या अंगात आत्माबित्मा काय न्हाई, सैतान हाय."

आत भांडं वाजलं आणि पुन्हा शांत झालं.

"ती तशीच गेली निघून. चपला दारात ऱ्हायल्या. तीन रविवार तिथंच व्हत्या."

"मग?"

"वर्सानं घेऊन गेलो राहूला. दारात ठिवल्या, पाया पडलो. तिनं पाणी दिलं. म्हणली, मास्तर, मला तर आठवतबी न्हाई." मामांनी तोंडावरून हात फिरवला. "तिनं माफ केलं. पण गुन्हा तिचा कुठं व्हता? ज्याचा केला, त्यानं आधीच लिवून ठिवलंय, न्हाई म्हणून. आता काढा तुमची वचनं."

कृपाबाईंनी पिशवीतल्या पवित्र शास्त्राला हातही लावला नाही. त्या पायरीकडं बघत होत्या. त्यांना ती सकाळ आता सगळी दिसत होती. बायकांच्या बाजूचा दुसरा बाक. लग्नाला चारच वर्षं झालेली. गुलबक्षी साडी. आणि तोंडात धरलेला पदर.

"मामा, मी हसले होते."

"आँ?"

"तुम्ही तसं म्हणालात तेव्हा. आधी मी हसले. माझं ऐकून बाकीच्या हसल्या. नकुशीनं तुमच्याकडं पाहिलंच नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मग ती उठली."

मामा हात झटकून म्हणाले, "तुम्ही पोर व्हता तवा. हसण्याचं ते काय एवढं? देव एवढ्याला धरून बसतो व्हय?"

रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. तो पार वळणाआड होईपर्यंत मामा हातातली काठी उगाच फिरवत राहिले.

"तुमचं येगळं," शेवटी ते म्हणाले.

"वेगळं कसं, ते सांगा. मी ऐकते."

"तुम्ही काय जाणूनबुजून केलं न्हाई."

"जाणूनबुजूनच केलं. मी शास्त्राच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आलेली. मला मूल होत नव्हतं, मामा. मी रोज मागत होते. आणि ऐकलं कुणाचं, तर हिचं. मलाही कळलं होतं ते कुणाचं काम आहे. कळलं म्हणूनच हसले." त्यांचा आवाज हळूच होता, पण एकही शब्द अडखळला नाही. "आणि मी कधी क्षमासुद्धा मागितली नाही, कारण ते पापात धरलंच नाही. तुमचा कायदा लावायचा, तर बावीस वर्षं मी त्या मेजाला हात लावायला नको होता. ठीक आहे. आज पाळकसाहेब आले की मीही तुमच्याबरोबर बाहेर बसते. दोघं मिळून चपला बघू."

"येड्यावानी बोलू नका, बाई."

"एकवीस वर्षांत उपास मोडला नाही मी. हा नेमही मोडायची नाही. तुम्ही बाहेर, तर मी बाहेर."

"आवो, तुम्हाला कोण म्हणतंय बाहेर बसा म्हणून?"

"तुम्हाला कोण म्हणालं?"

मामांनी काठी उशाला ठेवली.

पाळकांची मोटारसायकल दारात थांबली. सत्यवान पाळक वयानं लहान, यवतची प्रार्थनासभा आटोपून उन्हातून आलेले. हेल्मेट काढता काढता म्हणाले, "सलाम एबनेझरमामा, तब्येत काय म्हणते?" त्यांच्याही चपला मामांच्या काठीनं सावलीत आल्या, कृपाबाईंच्या शेजारी. मग पाळकांनी आत पाणी प्यायलं, ब्लेसीनं स्टूल ओसरीवर आणलं, त्यावर पांढरं कापड पसरलं. मामा खाटेवर उठून बसले होते. काठी गुडघ्यांवर आडवी.

कृपाबाईंनी पेटीची कडी काढली. रुमाल उचलला.

आत तीन प्याले होते.

पाळकांचा, ब्लेसीचा, त्यांचा स्वतःचा. चौथी खाच रिकामी. सकाळी त्यांनी मोजूनच भरले होते, दर वेळी मोजतात तसे. ज्या माणसासाठी दीड तास गाडीत बसून आल्या, त्याचाच प्याला त्यांच्या हातानं घेतला नव्हता. बावीस वर्षं एकही प्याला उरला नाही तो का, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी डोळे मिटलेले असत. मामा बाहेर आहेत, हे हाताला ठाऊक होतं.

मामा पेटीत बघत होते.

"मी चार खाचा केल्या व्हत्या," ते म्हणाले.

"हो, मामा."

"बरुबर मोजलंत की."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ब्लेसी लगबगीनं आत गेली आणि खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं मापटं विसळून घेऊन आली.

"हे चालेल का, पाळकसाहेब?"

"न चालायला काय झालं?"

कृपाबाईंनी तीन प्याल्यांत रस ओतला, मग मापट्यात. काचेचा पहिला प्याला त्यांनी मामांच्या बाजूला ठेवला. मापटं स्वतःसमोर घेतलं, पण हात मागं ठेवला.

पाळकांनी गीत काढलं. ब्लेसीनं ते उचललं. दुसऱ्या कडव्यावर मामांनी पायरीकडं मान वळवली. पत्र्याची सावली सरकत भिंतीशी आली होती.

"चपला उन्हात आल्या," ते हळूच म्हणाले. हात काठीवर गेला.

कृपाबाईंनी मामांकडं एकदा पाहिलं. ते उठले की आपणही उठायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठी डोळे उघडे ठेवायला हवे होते. पण नेम तो नेम. त्यांनी डोळे मिटले. खाट करकरेल, काठी फरशीवर वाजेल, मग कळेलच.

गीत संपलं. पाळकांनी भाकर मोडली, शब्द उच्चारले. कृपाबाई कान देऊन बसल्या होत्या. मग त्यांचा हात पुढं गेला, मापट्याच्या कडेवर टेकला, आणि त्यांनी ते उचललं. रस कोमट होता, त्याला औषधाचा किंचित वास होता.

आमेन झालं. डोळे उघडेपर्यंत ब्लेसीनं प्याले गोळा केले होते आणि ती ते घेऊन मोरीकडं चालली होती, पाठमोरी, मान खाली घालून. मामा खाटेवर आडवे झाले होते. डोळे मिटलेले. दम लागल्यासारखी छाती वरखाली होत होती.

कृपाबाईंनी काही विचारलं नाही. पेटी पुसली, रुमालाची घडी केली. "येते, मामा. सोमवारी दवाखान्यात भेटू," एवढंच म्हणाल्या. मामांनी डोळे न उघडता हात वर केला.

पाळक पुढं झाले आणि पायरीवर एका पायावर नाचले.

"आईगं! तवा झालाय नुसता. अहो, कुणीतरी सावलीत तरी सारायच्या!"

मामांनी लावलेले दोन्ही जोड भर उन्हात तसेच पडले होते, हललेसुद्धा नव्हते. कृपाबाई खाली उतरल्या. त्यांनी तापलेल्या चपलेत एक पाय घातला, मग दुसरा, आणि चांगला चटका बसेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.