शीर सापडेना

“सरक गं, मी करते. तू जा, कापूस आण,” अरुणा सिस्टर म्हणाली आणि नवी नर्स दीक्षा कापूस आणायला गेली. ती परत येईपर्यंत तान्ह्या लेकराच्या हाताला सुई लागलीसुद्धा होती. लेकराची आई हात जोडून उभी. ते हात जोडणं अरुणाला फार आवडायचं, खोटं कशाला बोला!

शिरवणे गावातल्या त्या छोट्या हॉस्पिटलात बाळाची शीर सापडली नाही की डॉक्टरसुद्धा अरुणालाच हाका मारत. दीक्षाला मात्र अजून एकदाही जमलं नव्हतं. आणि मेट्रनने तर बजावलंच होतं, या महिन्यात जमलं नाही तर नोकरी पक्की होणार नाही.

दुपारी अबोली नावाची मुलगी आली. कामाच्या ठिकाणी माणसं एकमेकांपासून माहिती का लपवतात, यावर ती पीएचडी करत होती.

“अगं बाई, यावरपण पीएचडी असते?” अरुणाला भारीच गंमत वाटली. “लपवतात कशी गं माणसं?”

“कुणी म्हणतं, मला नाही माहीत. कुणी म्हणतं, उद्या सांगते. तुम्ही लपवता कधी?”

“छे! उलट मीच धावते मदतीला. त्या दीक्षाचं काम रोज मीच तर करते.”

“मग तिला कधी येणार?” अबोलीने साधेपणाने विचारलं.

अरुणा हसली, पण प्रश्न काही पाठ सोडेना. ट्रेमध्ये कापूस असतोच की! मग आपण नेमकं त्याच वेळी तिला का पाठवतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की आपल्याला कोण विचारतंय, हेच ना? तिला स्वतःचंच नवल वाटलं आणि मग चांगलीच लाज वाटली.

संध्याकाळी महाप्याहून एक तापलेलं बाळ आलं. दीक्षा सवयीने दाराकडे वळली.

“कुठं चाललीस? ये इकडे. अंगात ताप, पण हात गार पडलाय बघ त्याचा. आधी मुठीत धर, ऊब येऊ दे. आता डोळ्यांनी शोधू नको, बोटाने चाचप. लागतंय काही?”

“हो ताई, शीर दबतेय!”

“घाल मग.”

अरुणाने स्वतःचे हात पाठीमागे धरून ठेवले. ते नुसते शिवशिवत होते. नळीत रक्त दिसलं आणि दीक्षाला रडूच फुटलं.

“एवढंच होतं, ताई?”

“एवढंच होतं गं.”

दीक्षा पक्की झाली. पुढे एका सकाळी वॉर्डातून हाक आली, तशी अरुणा चहाचा कप ठेवून उठली.

“तुमी बसा सिस्टर,” काशी आया म्हणाली. “डॉक्टरांनी दीक्षाला बोलावलंय.”

अरुणा बसली. चहा अजून गरम होता. तिने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.