न हललेली रक्कम

कीर्तीने खिडकीतून आत सरकवलेले कागद बँकेतल्या बाईंनी शिक्के मारून परत दिले. शेवटच्या पानावर शिक्का नीट उठला नव्हता. कीर्तीने बोट ठेवून जागा दाखवली, बाईंनी तो पुन्हा दाबला, आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट पुरं झालं. पहिल्या पानावरची रक्कमच शेवटच्या पानावर होती. मध्ये व्याजाखेरीज काही नाही.

पोर्तुगालमध्ये तात्पुरता रहिवास मागायचा तर वर्षभर स्वतःच्या पैशावर जगता येईल हे दाखवावं लागेल, असं पुण्याच्या सल्लागाराने सांगितलं होतं. पैसे तिच्याच नावावर हवेत आणि सहा महिने हललेले नकोत. उसने आणून ठेवल्याची शंका आली की फाइल गेलीच म्हणून समजा. तिचे वडील, त्रिंबक, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. ते गेल्यावर हातात आलं ते सगळं तिच्या आईने, मुक्ताबाईंनी, लेकीच्या खात्यात भरलं. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. फिजिओथेरपी शिकलेली पोर जुळे सोलापुरातल्या एका दवाखान्यात नऊ हजारांवर राबते, हे त्यांना सलत होतं.

तिसऱ्या महिन्यात वडिलांच्या मृत्यूचा दाखला शोधताना कपाटात साड्यांखाली कीर्तीला सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला. आईच्या नावाचा. डाव्या स्तनात गाठ, तुकडा ताबडतोब तपासणीला पाठवावा. तारीख पैसे भरल्यानंतर आठच दिवसांची.

उपचार सुरू झाले की पहिला हात त्याच पैशांना लागणार होता. आई आपणहून सांगेल, मग बघू, असं तिने मनाशी म्हटलं आणि रिपोर्ट होता तसा साड्यांखाली सरकवला. आईने सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. असे तीन महिने गेले.

बँकेतून ती घरी आली तेव्हा मुक्ताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. डावा हात त्यांनी अंगाशी धरला होता, निवडणं उजव्यानेच चाललं होतं.

“आई, उद्या डॉक्टरकडे जायचंय.”

कशाला, असं मुक्ताबाईंनी विचारलं नाही.

“शिक्का मिळाला?”

“मिळाला.”

“मग जाऊ की.”

कीर्ती त्यांच्यासमोर बसली. तिनेही एक जुडी ओढून घेतली.

“मला कळलंय, हे तुला माहीत होतं?”

“संक्रांतीपासनं. तवापासनं तू मला पाण्याची बादली उचलू दिली न्हाईस.”

आई आता रागावेल, निदान रडेल, म्हणून कीर्ती मान खाली घालून थांबली. मुक्ताबाईंनी पानं परातीत टाकली आणि काड्या बाजूला सारल्या.

“मीबी गप्पच व्हते की,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुक्ताबाईंना पडद्यामागे नेलं. तपासायला बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, मग काखेतही गाठी लागतात म्हणाल्या. पेन उघडून त्यांनी विचारलं, गाठ पहिल्यांदा कधी जाणवली.

“पंधरा दिवस झालं असतील,” मुक्ताबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं. कीर्तीने आईकडे पाहिलं. मुक्ताबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि टेबलाखाली त्यांनी लेकीचा गुडघा घट्ट दाबून धरला होता.

कीर्तीने पर्सची चेन उघडली. सकाळी निघताना साड्यांखालून काढून आणलेला रिपोर्ट तिने टेबलावर ठेवला. गुडघ्यावरचा हात सैल झाला.

डॉक्टरीणबाईंनी तारीख वाचली. ओठांतल्या ओठांत महिने मोजले. कागदावरचे ‘पंधरा दिवस’ त्यांनी एका रेघेने खोडले आणि वर बारीक अक्षरांत ‘सहा महिने’ लिहिलं. मग चष्मा काढला.

“आणि घरातल्या कुणालाच कळलं नाही?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“आमी दोघीच,” मुक्ताबाई म्हणाल्या.